सीट उंच असलेली गाडी

धाकट्या दिरांनी तिसरं लग्न केलं त्या वर्षी आमची जुनी मोटरसायकल गेली. लग्नाहून परत येतानाच गेली, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. उतारावर मागचं चाक एकदम धरलं गेलं, गाडी फरफटत कडेला गेली आणि मी नव्या कपड्यांसकट मातीत बसले. हे आधी गाडीकडे धावले, मग माझ्याकडे.

इंजिन जाम झालं होतं. कितीतरी दिवस ते आतून खडखडत होतं. मी मागे बसून ते रोज ऐकत होते आणि रोज सांगत होते. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आवाज असता तर मला आला नसता का?"

तोच तर प्रश्न होता. ह्यांना ऐकू येणं कमी झालं होतं, आणि ही गोष्ट सोडून जगातली कुठलीही गोष्ट ते मान्य करायला तयार होते.

हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. गावाबाहेर डोंगराच्या अंगाने लांबलांब वस्त्या होत्या, तिथे बऱ्याच घरांत पायमशीन होतं. ह्यांची हत्यारांची पेटी गाडीच्या एका बाजूला बांधलेली, आणि मागे मी. काही वर्षांपासून मी बरोबर जायला लागले होते. लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीला एकमेकांशिवाय करमत नाही. खरं म्हणजे एकदा एका बाईने सांगितलं होतं, दोरा सारखा तुटतोय. हे "हो, हो" म्हणाले आणि पट्टा बदलून आले. दुसऱ्या दिवशी ती बाई दारात. तेव्हापासून मी जाते. बाई मला सांगते, मी ह्यांच्या उजव्या कानाशी तेच पुन्हा सांगते, आणि लोक म्हणतात, काकूंना फार बोलायला लागतं.

गाडी गेली तशी आमच्या थोरल्याने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, आता पुरे. इकडे या. मागची खोली रिकामीच आहे." ती खोली मी पाहिलेली आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि जुने पंखे असतात, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते. हे म्हणाले, दुसरी गाडी घेतो. थोरला म्हणाला, "घ्या. पण ही शेवटची. रस्त्यात अडकलो म्हणून एकदा जरी फोन आला, तर मी ट्रक घेऊन येईन आणि सामानासकट तुम्हाला नेईन."

तो बोलतो तसं करतो. त्या बाबतीत बापावर गेलाय. म्हणजे गाडी अशी घ्यायची होती जी रस्त्यात दगा देणार नाही. नाहीतर घर जाणार, ह्यांचं काम जाणार, आणि मी उरलेलं आयुष्य इस्त्रीच्या टेबलाशेजारी काढणार.

जुन्या गाड्या विकणारा एक माणूस बाजाराच्या मागे होता. बारा महिने डोक्यावर एकच टोपी, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणायचे. त्याने पहिली गाडी दाखवली ती निळी, कार्बोरेटरची. ह्यांना कार्बोरेटरचीच हवी होती. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा तो भाग उघडता येतो, पेट्रोलने धुता येतो, स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज सारखा करता येतो. "जे उघडून बघता येत नाही ते मी घरात आणत नाही," असं म्हणायचे.

टोपीवाल्याने गाडी सुरू केली. ह्यांनी खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. सगळी मशीनं हे अशीच तपासायचे.

डब्यात खिळे घालून हलवावेत तसा त्या इंजिनाचा आवाज येत होता. शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

हे उठले, गुडघे झटकले. "गोड चालतंय," म्हणाले.

टोपीवाला आकाशाकडे बघायला लागला. गाडी अशी आपोआप खपेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

आता मी काय करावं? चारचौघांत म्हणावं, अहो, तुम्हाला ऐकू येत नाही? मशीन दुरुस्त करणाऱ्याला ऐकू येत नाही हे बाजारात कळलं की संध्याकाळपर्यंत वस्त्यांवर कळतं. मी म्हटलं, "मला हा निळा रंग नाही आवडत."

"रंग?"

"उदास वाटतो."

हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी भर रस्त्यात गाणं म्हटलंय.

दुसरी गाडी लाल होती. तिच्या इंजिनातून दर थोड्या वेळाने कुणी खोकल्यासारखा आवाज यायचा. हे म्हणाले, छान आहे. मी म्हटलं, सीट उंच आहे, मला चढता येत नाही. टोपीवाला म्हणाला, "बसून तर बघा, काकू." बसले. पाय बरोबर टेकले. "बघा, टेकले," टोपीवाला म्हणाला. मी म्हटलं, "तरी उंच आहे."

मग एका गाडीचा हॉर्न मला कर्कश वाटला, एकीची टाकी फुगलेली वाटली. आणि दिसायला चांगल्या एका काळ्या गाडीला, तिचं यंत्र खरोखरच आतून मोडीत निघालं होतं म्हणून, मी म्हटलं की हिच्यावर बसलं की मला माझ्या सासूबाई आठवतात. ह्यांना ते फार लागलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

मी आपली सगळीकडे खुळी ठरत गेले. टोपीवाला मला बघितलं की आधीच टोपी सारखी करायचा. हे रात्री कूस बदलून म्हणायचे, "एवढी वर्षं गाडीच्या मागे बसलीस, पण गाडीतलं तुला काडीचं कळत नाही." मी उशीत तोंड घालून हो म्हणायचे. त्यांना तेही ऐकू जायचं नाही.

रविवारी भाऊजी नव्या बायकोला घेऊन आले. धाकटी जाऊ माझ्या मुलीच्या वयाची, खोक्यांच्या कारखान्यात कामाला. भाऊजींना कुठल्याही विषयावर मत असतं आणि ते मोठ्याने असतं, म्हणून ह्यांना भाऊ फार आवडतो.

"दादा, कार्बोरेटरच घे," भाऊजी म्हणाले. "कार्बोरेटर म्हणजे घरची बायको. रुसली तर समजूत घाल, स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे, लागली कामाला. त्या नव्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो, ती रुसली की रुसली. तिच्या माहेरच्यांना बोलवावं लागतं, ते कॉम्प्युटर लावून बघणार."

"तुम्हाला समजूत घालता येते?" जाऊबाई शांतपणे म्हणाली. "मी अजून बघितलं नाही."

मी चहा ओतत होते, थोडा बशीत सांडला.

"आमच्या कारखान्यातल्या पोरींकडे इंजेक्शनच्याच आहेत," ती मला म्हणाली. "थंडीत चोक ओढायला नको, चढावर धूर नाही. बटण दाबलं की सुरू. आणि काही बिघडलं तर समोर पिवळा दिवा लागतो."

"दिवा?" मी विचारलं.

"काट्याच्या शेजारी. इंजिनाचं चित्र असतं त्यावर."

म्हणजे आवाज नाही, दिवा. ह्यांचे डोळे अजून सुईत एका फटक्यात दोरा ओवणारे होते. त्या पोरीला मी आणखी एक कप चहा दिला, भाऊजींनी मागितला तेव्हा संपला म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी ह्यांना पुन्हा टोपीवाल्याकडे नेलं. कसं नेलं ते विचारू नका. रडले, हेही खरं आहे. करड्या रंगाची, इंजेक्शनची गाडी होती. टोपीवाल्याने बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं. मलाही जवळ जाऊनच कळलं, इतकं हळू. हे मागचं टायर दाबून बघत होते. उठले, गाडीवर बसले, हँडल इकडेतिकडे वळवलं आणि म्हणाले, "बघू, सुरू कशी होते ती." आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

चालू गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की दाताखाली खडा यावा तसं वाटतं, फक्त तो खडा सगळ्या बाजाराच्या दाताखाली येतो. करकरकर. पलीकडे चाकाला हवा भरणारा माणूस हातातली नळी टाकून वळला. ह्यांनी बटण सोडलं, काहीच होत नाहीसं बघून पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

टोपीवाल्याने पुढे होऊन ह्यांचा अंगठा धरून बाजूला केला. लहान मुलाचा धरतात तसा.

"काका," तो म्हणाला, "गाडी चालू आहे."

हे त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग काट्यांकडे, मग माझ्याकडे. "स्टार्टर खराब आहे हिचा," म्हणाले आणि उतरले. टोपीवाल्याने नुसती टोपी सारखी केली. हसला असता तर बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत आम्ही पायी चाललो. पुढच्या खोलीत एक मशीन उघडं पडलं होतं. हे त्याच्यापाशी जाऊन बसले, शटल हातात घेतलं, ठेवलं.

"चालू होती?"

"हो."

"हँडलला थरथरसुद्धा नव्हती."

"ती तशीच असते म्हणे."

"ती निळी?" ह्यांनी विचारलं.

मी उजव्या बाजूला जाऊन बसले. "खडखडत होती."

"लाल? तिची सीट उंच होती ना?"

"सीट ठीक होती. इंजिन खोकत होतं."

"आणि आई आठवते म्हणालीस ती?"

"ती तर मोडीत घालायच्या लायकीची होती."

ह्यांनी शटल उचललं आणि पुसलेलं असूनही पुन्हा पुसायला लागले. "सगळ्यांना माहीत आहे?"

"मला माहीत आहे. आज टोपीवाल्याला कळलं."

"म्हणजे गावभर मला येडा करण्यापेक्षा तू स्वतः येडी झालीस."

"येडी होते म्हणूनच तुमच्या मागे बसते."

वाटलं, हसतील. हसले नाहीत. चिडले. इतके चिडले की मला म्हणाले, मला सांगायचं होतं, मी काय लहान आहे का. आणि मी म्हटलं, महिनाभर काय सांगत होते मी, उतारावर मातीत बसेपर्यंत. आणि ते म्हणाले, तोंडाने नीट सांगता येत नाही तुला. आणि मी म्हटलं, तुमच्या कानात शिरून राहू का. शेजारीण खिडकी लावून घेते तेव्हा आमचं भांडण पुरेसं मोठं झालं असं समजायचं. त्या दिवशी तिने दोन्ही खिडक्या लावल्या.

सकाळी हे माझ्या आधी उठून तयार. "चल," म्हणाले. "कार्बोरेटरचीच घेणार. ऐकायचं तू, फिरवायचं मी."

मला वाटलं, सुटलो. काल रात्री हेच का सुचलं नाही?

टोपीवाल्याकडे एक बऱ्या अवस्थेतली कार्बोरेटरची गाडी आदल्या दिवशीच आली होती. तिच्यात खडखड नव्हती. ती सुरू करून हे खाली बसले, कार्बोरेटरचा छोटा स्क्रू शोधला आणि तो हळूहळू फिरवायला लागले.

"काय होतंय?"

"आवाज येतोय."

"ते मला माहीत आहे. चढतोय का उतरतोय?"

मी ऐकलं. मन लावून ऐकलं. "जरा बदलला."

"चढला का उतरला?"

"जाडा झाला."

"जाडा म्हणजे?"

"म्हणजे... वरणाला उकळी यायच्या आधी असतो तसा."

ह्यांनी स्क्रू उलटा फिरवला. "आता?"

"आता उकळी आली."

"अगं, मला इंजिन सांग, स्वयंपाक सांगू नकोस."

पुन्हा फिरवलं, पुन्हा विचारलं. मी चढला म्हटलं तेव्हा गाडी बंद पडली, उतरला म्हटलं तेव्हा किंचाळायला लागली. खडखड कळते, खोकला कळतो. पण चांगल्या आणि त्याहून जरा चांगल्या आवाजातला फरक माझ्या कानाला कळेना. आयुष्यभर मी शिलाई मशीनच्या आवाजात झोपलेली बाई. यंत्राचा आवाज आला की माझे डोळे मिटायला लागतात. टोपीवाला स्टूल घेऊन बसला होता आणि गल्ला सोडून आमच्याचकडे बघत होता.

शेवटी ह्यांनी स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आपटला असता तर मी भांडले असते.

"ती करडी आहे का अजून?" ह्यांनी टोपीवाल्याला विचारलं, नको तेवढ्या मोठ्या आवाजात.

कडू औषध एका घोटात संपवावं तशी ह्यांनी ती गाडी घेतली. टोपीवाल्याने तिच्यासोबत कंपनीचं पुस्तकही दिलं. मला अक्षरं उशिरा आली, धाकटी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर. त्यामुळे वाचते सावकाश, पण एक ओळ सोडत नाही. संध्याकाळी मी ते पुस्तक ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काटा लाल रेघेवर आला की पेट्रोल भरावं, टाकी पूर्ण रिकामी करू नये, हेही दोनदा वाचलं. हे "हो, हो" म्हणाले. मला तो हो ओळखायला हवा होता, पण मी दिवसभराची दमलेली होते.

गाडीने तक्रारीला जागा ठेवली नाही, त्याचाच ह्यांना राग यायचा. थंडीत एका बटणात सुरू. चढावर जुनी गाडी काळा धूर सोडत कण्हायची. ही निमूट चढायची. "हिला माझी गरजच नाही," हे म्हणायचे. गाडी उभी केली की डावा हात सवयीने टाकीखाली जायचा, पेट्रोलचा कॉक बंद करायला. कॉक नव्हता. हात रिकामा परत यायचा. दर वेळी. आणि चालवताना तो पिवळा दिवा लागतो का, म्हणून सारखी नजर खाली.

"रस्त्याकडे बघा."

"दिवा बघायला तूच सांगितलंस ना?"

मग एके दिवशी शेवटच्या वस्तीहून परत येताना मी म्हटलं, "काटा लाल रेघेच्या खाली गेलाय." हे म्हणाले, "रिझर्व्ह आहे अजून." आयुष्यभर ह्यांनी असंच केलं होतं. गाडी अडखळायची, हे चालता चालता कॉक रिझर्व्हला फिरवायचे आणि तळाच्या राखीव पेट्रोलवर घरी यायचे. मी ओरडले, "हिला रिझर्व्ह कुठे आहे?" वारा होता. मोठ्या चढाच्या मध्यावर गाडी अडखळली. ह्यांचा डावा हात टाकीखाली गेला आणि तिथेच थांबला.

गाडी उभी राहिली. आजूबाजूला नुसते दगड आणि गवत. माझ्या पिशवीत फोन होता, चांगला भरलेला.

हे कडेच्या दगडावर बसले. "लाव तुझ्या मुलाला," म्हणाले. "सांग ट्रक घेऊन ये. माझंच चुकलं. मला आता गाडी कळत नाही."

"पेट्रोल संपलंय," मी म्हटलं. "संसार नाही संपलेला."

"लाव म्हणतो ना."

"नाही लावणार."

"मग काय करणार?"

"बसणार."

मी पिशवी मांडीखाली घेऊन तिच्यावर बसले. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी त्यांच्याकडे केली. असे आम्ही, ऊन उतरेपर्यंत.

शेवटी वस्तीवरची एक शिंपीण स्कूटरवरून आली. तिच्या मशीनचा दोरा आम्हीच कधीतरी तुटायचा थांबवला होता. काही न विचारता तिने स्वतःच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. ह्यांनी ते ओतलं, बटण दाबलं. इंजिन नुसतं फिरायचं, सुरू व्हायचं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. स्टार्टर मंदावायला लागला. मी पिशवीवरून उठले.

"चावी बंद करा," मी ह्यांच्या कानाशी गेले. "बंद करून पुन्हा चालू करा आणि थांबा. पुस्तकात आहे. टाकीतला पंप आधी पेट्रोल ओढतो, बारीक आवाज येतो त्याचा. तो थांबला की मग बटण."

"आवाज येतो," हे म्हणाले. "म्हणजे पुन्हा आलंच का ते?"

पण चावी फिरवली. दुसरा हात टाकीवर होता, नुकतंच झाकण लावलेलं. चेहरा एकदम बदलला. पुन्हा चावी बंद केली, पुन्हा चालू केली आणि सगळा पंजा टाकीवर पसरला, आजारी माणसाच्या पोटावर ठेवतात तसा.

"काय झालं?" मी विचारलं.

"गप्प," हे म्हणाले. "लागतंय हाताला. आता चाललाय... चाललाय... थांबला." आणि बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

शिंपीण म्हणाली, काकांना बरं कळतं. मी पिशवी उचलून मागे बसले.

थोरल्याला तो फोन कधीच गेला नाही. त्यानंतर दर सकाळी हे चावी फिरवायचे, टाकीवर पंजा ठेवायचे, "आहे" म्हणायचे, आणि मगच बटण. कॉकसाठी हात मात्र शेवटपर्यंत खाली जात राहिला, आणि कार्बोरेटरच बरा होता हे म्हणणंही ह्यांनी सोडलं नाही. गाडी आता धाकट्या जावेकडे आहे. तिला मी सांगितलंय, काटा लाल रेघेवर येऊ द्यायचा नाही.

हे गेले ते नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीच्या अखेरीस, एका गुरुवारी सकाळी, याच घरात, पुढच्या खोलीत.